हप्त्याचे पैसे कुठून येतात, हे त्या सल्ल्यात सांगितलेलंच नसतं

पहिली मोटरसायकल घ्यायला निघालेल्या तरुणांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये, दोन मिनिटांच्या व्हिडिओंमध्ये, शोरूमच्या टेबलापलीकडूनही. त्याचं सार असं: पूर्ण पैसे जवळ असले तरी रोख देऊ नका. कर्ज काढा आणि रोकड गुंतवा, कारण कर्जाला जेवढं व्याज जातं त्यापेक्षा जास्त व्याज ठेवीवर मिळतं. झिरो टक्के योजना असेल तर विचारच करू नका. शिवाय क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातला आपला भरवसा दाखवणारा आकडा, तयार होतो, आणि महागाईमुळे हप्ता दरवर्षी हलका होत जातो.

कर्ज घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. काही वेळा तेच शहाणपणाचं असतं, त्याबद्दल शेवटी लिहितो. पण हा सल्ला ज्यांना दिला जातो त्यांचा पगार नुकता सुरू झालेला असतो, आणि आयुष्यातला पहिला मोठा व्यवहार ते या हिशेबावर करतात. तो हिशेब चुकलेला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"कर्जावर व्याज 16,000, ठेवीवर 22,500. म्हणजे साडेसहा हजारांचा निव्वळ फायदा."

सगळ्यात जास्त फसवतो तो हाच हिशेब, कारण यातला एकही आकडा खोटा नाही. 1,00,000 चं कर्ज वर्षाला 10 टक्क्यांनी, शिल्लक रकमेवर व्याज या पद्धतीने, 36 महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 3,227 येतो आणि एकूण व्याज 16,162 होतं. तेच 1,00,000 तीन वर्षं 7 टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, व्याजावर व्याज धरलं, तर 1,22,504 होतात. कर्जाचा दर ठेवीपेक्षा 3 टक्क्यांनी जास्त, तरीही फायदा? वाचणारा चकित होतो आणि मेसेज पुढे पाठवतो.

दर महिन्याचे 3,227 आले कुठून, हे मात्र त्यात कुठेच नसतं. ठेव तर मोडलेली नाही, ती पूर्ण आहे. म्हणजे हप्ता पगारातून गेला. मग ज्याने बाइक रोखीने घेतली त्याच्या पगारातही दर महिन्याला तेच 3,227 मोकळे असणार! ते त्याने त्याच 7 टक्क्यांनी दरमहा साठवले, तर तीन वर्षांनी त्याच्याकडे 1,28,400 च्या आसपास जमतात. दोघांकडे बाइक आहे, दोघांचा पगार सारखा, दोघांनी खर्च सारखाच केला. कर्जवाल्याकडे 1,22,504 आणि रोखवाल्याकडे जवळपास सहा हजार जास्त. फायदा तर नाहीच, उलट तोटा.

दोन व्याजांच्या रकमा शेजारी ठेवून तुलना होत नाही, कारण त्या सारख्या मुद्दलावरच्या नसतात. ठेवीत पूर्ण 1,00,000 तीनही वर्षं काम करत असतात. कर्जाचं मुद्दल दर महिन्याला उतरत जातं, त्यामुळे तीन वर्षांत सरासरी साधारण निम्म्याच रकमेवर व्याज लागतं. म्हणून रक्कम कमी दिसते. तुलना दराशी दराचीच करायची, आणि ठेवीचा दर कर वजा करून धरायचा.

यावर कुणी म्हणतं, ठेव नको, शेअर बाजारात 12 टक्के मिळतील. मिळतीलही. पण कर्जाचे 10 टक्के ठरलेले आहेत आणि बाजाराचे 12 ठरलेले नाहीत. 2008 या एका वर्षात अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक 38 टक्क्यांहून जास्त घसरला. दीर्घ मुदतीत बाजार सावरतो हे खरं, पण बाइकचं कर्ज दोन-तीन वर्षांचं असतं आणि हप्त्याची तारीख बाजार सावरायची वाट पाहत नाही.

"व्याज फक्त 10 टक्के आहे."

कोणते 10 टक्के, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. वर जो हिशेब केला तो शिल्लक रकमेवरच्या व्याजाचा. दुचाकीच्या कर्जात पुष्कळदा सांगितला जातो तो फ्लॅट रेट. त्यात व्याज तीनही वर्षं मूळ 1,00,000 वरच धरलं जातं: वर्षाला 10,000, तीन वर्षांचे 30,000. एकूण 1,30,000 भागिले 36, हप्ता 3,611. आधीच्या हप्त्यापेक्षा 384 जास्त. ऐकताना फारसं वाटत नाही, म्हणून तर चालून जातं.

या हप्त्याच्या आत काय आहे ते बघा. 2,778 मुद्दल आणि 833 व्याज, प्रत्येक महिन्याला तेवढंच. पहिल्या महिन्यात 1,00,000 बाकी असताना 833 व्याज हे रास्त आहे. पण 36व्या महिन्यात मुद्दल उरलेलं असतं फक्त 2,778, आणि त्यावरही व्याज 833. एका महिन्याला 30 टक्के झाले! सगळे हप्ते धरून शिल्लक रकमेच्या पद्धतीने दर काढला तर हे "फक्त 10 टक्के" प्रत्यक्षात 18 टक्क्यांच्या जवळ जातात. 18 टक्के हा आकडा कुणी तोंडाने सांगितला असता तर किती जणांनी सही केली असती?

म्हणून दर विचारण्याच्या आधी एकच गोष्ट कागदावर लिहून मागा: आज हातात किती मिळणार आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत, सगळे चार्ज धरून, एकूण किती भरायचे. दोन ठिकाणची कर्जं सारख्या रकमेची आणि सारख्या मुदतीची असतील, तर ही एकूण रक्कमच कोणतं स्वस्त ते सांगते. मुदत लांबवून हप्ता लहान करून दाखवला असेल तर तेही इथेच उघडं पडतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही त्याच कागदावर यायला हवं.

"झिरो टक्के म्हणजे फुकटचे पैसे."

एक उदाहरण घेऊ. बाइकची किंमत 1,00,000. रोख दिले तर 5,000 सूट. झिरो टक्के योजनेत सूट नाही, 12 हप्ते 8,333 चे, आणि सुरुवातीला 2,000 प्रोसेसिंग फी. बाइकची खरी रोख किंमत आहे 95,000. त्यातले 2,000 फीच्या रूपाने तुम्ही पहिल्याच दिवशी दिले. म्हणजे तुम्हाला उधार मिळाले 93,000 आणि परत करायचे 1,00,000, तेही वर्षभरात थोडे थोडे करून. याचा वार्षिक दर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास पडतो.

सूटही नाही आणि फीही नाही, अशी योजना असेल तर ती खरोखरच चांगली, जरूर घ्या. पण आधी "रोख दिले तर किती कमी कराल?" हे विचारा, आणि योजनेचं नाव त्यानंतर काढा. कोटेशनच्या ओळी वाचा. फाइल चार्ज, ॲक्सेसरीज किट, वाढीव वॉरंटी, न मागता जोडलेला कर्जाचा विमा. झिरोची भरपाई बहुधा यातल्याच कुठल्या तरी ओळीत असते, आणि ती रक्कम कर्जात मिळवली की तिच्यावरही व्याज चालू होतं.

"कर्ज घेतलं नाही तर क्रेडिट स्कोअर कसा बनणार?"

स्कोअर उपयोगाचा असतो, हे मान्य. पण तो कर्ज घेतल्याने वाढत नाही, वेळेवर फेडल्याने वाढतो. अमेरिकेतल्या फायको या प्रसिद्ध स्कोअरमध्ये परतफेडीच्या इतिहासाला 35 टक्के वजन आहे. कर्जांचे वेगवेगळे प्रकार असण्याला फक्त 10. नवख्या माणसाच्या खात्यावर दुसरी काहीच नोंद नसते, त्यामुळे चुकलेला एक हप्ताही ठळक दिसतो. जामीन राहिलेल्या आईवडिलांच्या नोंदीवरही त्याचा डाग पडू शकतो. स्कोअरच हवा असेल तर एखादं क्रेडिट कार्ड घेऊन नेहमीचा खर्च त्यावर करावा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरावं. त्याला व्याज लागत नाही.

"महागाईमुळे हप्ता हलका होतो."

कर्ज देणाऱ्यालाही महागाई कळते. अपेक्षित महागाई व्याजाच्या दरातच धरलेली असते, हे अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशर यांनी शंभरावर वर्षांपूर्वी मांडलं. हप्ता हलका होतो तो पगार वाढला तरच, आणि पहिल्या नोकरीत तो वाढेलच याची हमी कुणी देत नाही. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग मात्र महागाईबरोबर वाढतातच.

"हप्ता परवडतो ना? मग बाइक परवडते."

मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. हप्त्याच्या भरवशावर माणूस एक पायरी वरची बाइक घेतो, होते नव्हते ते पैसे डाउन पेमेंटमध्ये घालतो, आणि हेल्मेट शेवटी उरलेल्या चिल्लरमधून येतं. जॅकेट, हातमोजे, बूट "पुढच्या महिन्यात". हेल्मेटवरच्या अभ्यासांचा 2008 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूची जोखीम सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी कमी होते असा निष्कर्ष आहे. शिकाऊ हातांना याची गरज पहिल्याच आठवड्यात असते. चांगलं हेल्मेट आणि हातमोजे बजेटच्या पहिल्या ओळीत लिहा, मग उरलेल्यात बाइक बघा.

दुसरी गोष्ट चोरीची आणि मोठ्या अपघाताची. नवी बाइक शोरूमबाहेर पडली की तिची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने उतरते. कमी डाउन पेमेंट आणि लांब मुदत असेल तर बाकी कर्ज बाइकच्या किमतीपेक्षा जास्त राहतं. बाइक गेली तर सर्वसाधारण विमा घसारा वजा करून ठरवलेली किंमत देतो, तीही आधी कर्ज देणाऱ्याकडे जाते, आणि उरलेले हप्ते नसलेल्या बाइकसाठी भरावे लागतात.

आता कर्ज केव्हा योग्य. रोख देऊन खातं रिकामं होणार असेल, तर रोख देऊ नका. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला राहिलाच पाहिजे. नाहीतर पहिल्याच आजारपणात बाइकच्या कर्जापेक्षा कितीतरी महागडं कर्ज घ्यावं लागतं. कामासाठी बाइक आजच लागणार असेल आणि ती रोजची कमाई वाढवणार असेल, तरीही कर्ज रास्त आहे. अशा वेळी डाउन पेमेंट झेपेल तितकं जास्त, मुदत झेपेल तितकी कमी, व्याज शिल्लक रकमेवरच, आणि मुदतीआधी फेडायला दंड नको. आणि ज्यांना घाई नाही त्यांनी एक जुनी, लहान इंजिनाची बाइक जाणकार मेकॅनिकला दाखवून रोखीने घ्यावी. शिकताना ती एक-दोनदा आडवी होणारच, आणि वर्षभराने विकताना तिची किंमत नव्या बाइकइतकी पडलेली नसेल. तोपर्यंत जो हप्ता गेला असता तो दरमहा बाजूला टाकला, तर पुढच्या बाइकचं बरंचसं डाउन पेमेंट त्यातूनच निघतं.