फ्युरी हरला तो ठोशांनी, युक्रेनच्या युद्धामुळे नव्हे

ब्रिटनचा टायसन फ्युरी आणि युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक या हेवीवेट बॉक्सरांच्या पहिल्या लढतीबद्दलचा एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. या वेळी तो माझ्या पुतण्यानेच घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'शंभर टक्के खरं' असं लिहून. मुलगा स्वतः बॉक्सिंग शिकतो, जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरतो. दुसऱ्या कोणी टाकला असता तर मी सोडून दिलं असतं, पण याने टाकल्यावर गप्प बसवेना.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये खरा जिंकला होता फ्युरी, पण युक्रेनमध्ये युद्ध चालू असल्याने जजनी सहानुभूतीपोटी उसिकला जिंकवलं. नवव्या राउंडमध्ये फ्युरी पडलाच नव्हता, तरी रेफ्रीने आठ आकडे मोजून त्याचा गुण घालवला. सहा फूट तीन इंचाचा माणूस सहा फूट नऊ इंचाच्या माणसाला हरवूच शकत नाही. आणि 'निर्विवाद जगज्जेता' (म्हणजे चारही जागतिक संघटनांचे बेल्ट एकाकडे) हे उसिकचं पद महिना-सव्वा महिन्यात गेलं, म्हणजे सगळा देखावाच होता.

सहानुभूतीची गोष्ट आली कुठून, ते आधी सांगतो. ती फ्युरीची स्वतःची आहे. निकाल लागल्यावर रिंगमध्येच तो म्हणाला, की उसिकचा देश युद्धात आहे म्हणून लोक उसिकची बाजू घेतायत. नुकत्याच हरलेल्या, नाकातोंडाला रक्त लागलेल्या माणसाच्या तोंडून ते निघालं, हे मी समजू शकतो. पण इथे बसून ते पुढे ढकलणाऱ्यांनी निदान गुणपत्रिका तरी बघायची होती. तीन जज होते. स्पेनच्या मानुएल ओलिव्हर पालोमोंनी ११५-११२ असे गुण उसिकला दिले, अमेरिकेच्या माइक फिट्झजेराल्डनी ११४-११३ उसिकलाच. तिसरे क्रेग मेटकाफ, त्यांनी ११४-११३ ने फ्युरीला जिंकवलं. हे मेटकाफ कॅनडाचे. ज्या देशात युक्रेनी वंशाचे लाखो लोक राहतात आणि ज्याचं सरकार युक्रेनला शस्त्रं देतं, त्या देशाच्या जजने मत दिलं फ्युरीला! मग सहानुभूती नेमकी कोणी दाखवली?

आणि युद्धाचाच हिशेब मांडायचा असेल तर पूर्ण मांडा. उसिक क्रिमियातल्या सिम्फरोपोलचा. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. २१ जुलै २०१८ ला हाच उसिक मॉस्कोत जाऊन रशियाच्या मुरात गासिएवशी लढला. तीही दोन अपराजित जगज्जेत्यांची लढत होती, हेवीवेटच्या खालच्या वजनगटात, त्या गटाचे चारही बेल्ट पणाला लागलेले आणि गर्दी गासिएवची. एका जजने बाराच्या बारा राउंड उसिकला दिले, बाकी दोघांनी अकरा-अकरा. त्याआधी लाटव्हियाच्या मायरिस ब्रिएडिसला हरवलं ते रीगामध्ये, म्हणजे ब्रिएडिसच्या घरी. नंतर इंग्लंडच्या टोनी बेल्यूला मँचेस्टरमध्ये. इंग्लंडच्याच अँथनी जोशुआला लंडनमध्ये हरवलं सप्टेंबर २०२१ मध्ये, तेव्हा मोठं युद्ध सुरूही झालं नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाहला जोशुआशी पुन्हा गाठ पडली. युद्धाला सहा महिने झाले होते, सगळ्या जगाचं लक्ष युक्रेनवर होतं, आणि तरी एका जजने जोशुआलाच जिंकवलं. सहानुभूतीवर गुण मिळायचे असते तर ते त्या रात्री मिळाले असते. मला विचाराल तर एकट्या मॉस्कोच्या निकालावर हा मुद्दा संपतो.

आता नववा राउंड. मेसेजमधली सगळ्यात घातक चूक इथे आहे, कारण ती नियमाबद्दल आहे आणि नवशिकी मुलं ती खरी मानून चालतात. राउंडच्या शेवटाकडे उसिकचा डावा हात फ्युरीच्या चेहऱ्यावर स्वच्छ बसला. फ्युरीचे पाय गेले. तो रिंगच्या एका बाजूकडून दुसरीकडे झोकांड्या खात गेला, उसिक मागोमाग मारत होता, आणि शेवटी दोर होते म्हणून तो उभा राहिला. रेफ्री मार्क नेल्सन मध्ये पडले आणि त्यांनी आठपर्यंत मोजलं. नियम साधा आहे: बॉक्सर केवळ दोरांच्या आधाराने उभा राहिला असेल तर तो पडलाच असं धरतात. गुडघा टेकायलाच हवा असं नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये उभ्या खेळाडूवर आठ मोजतात, ती गोष्ट वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र कालवलंय. शिवाय त्या मोजण्याने फ्युरीचं नुकसान झालं तेवढाच फायदाही झाला. श्वास घ्यायला सेकंद मिळाले आणि लगेच घंटा वाजली. नेल्सन मध्ये पडले नसते तर पुढचे दोन-तीन ठोसे फ्युरीने कशाच्या बळावर घेतले असते?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. तो एक गुण निर्णायक ठरला. राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण मिळतात, हरणारा पडला तर ८. नववा राउंड १०-८ ऐवजी १०-९ धरला तर गुणपत्रिका होतात ११५-११३ उसिक, ११४-११४, आणि ११५-११३ फ्युरी. म्हणजे लढत बरोबरीत सुटली असती. पण बरोबरीत, फ्युरी जिंकला नसता. चौथ्यापासून सातव्यापर्यंत तो वरचढ होता हेही खरं. सहाव्यात त्याच्या अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, उसिक हलला होता. फ्युरी वाईट खेळला असं कोणी म्हणत नाही.

जजिंगवर संशय घेणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये जजच्या निकालावर चिडून आपल्या सरिता देवीने रडत रडत ब्राँझ परत दिलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. १९८८ ला सोल ऑलिम्पिकमध्ये जजमुळे अमेरिकेच्या रॉय जोन्सचं सुवर्ण गेलं, तो डाग अजून पुसलेला नाही. पण म्हणूनच खरा अन्याय आणि चुरशीचा पराभव यांत फरक करता आला पाहिजे. मुलगा दोन-एक अशा निकालाने हरला की पहिल्यांदा जजकडे बोट दाखवायला शिकला, तर त्याचा डावा गार्ड खाली येतोय हे त्याला कोण सांगणार? आणि फ्युरीबद्दल म्हणाल, तर त्याच रियाधमध्ये सात महिने आधी फ्रान्सिस न्गानूने त्याला पाडलं होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमधली न्गानूची ती पहिलीच लढत. तोही निकाल विभागूनच लागला, फ्युरीच्या बाजूने. तो त्याला बरा चालला.

उंचीबद्दल फार लिहीत नाही. फ्युरी २६२ पौंडांचा, उसिक २२३.५ चा, फरक मोठाच होता. पण उसिक डावखुरा आहे, पुढचं पाऊल समोरच्याच्या पावलाबाहेर टाकून कोन काढतो आणि सुरुवातीपासून पोटावर मारत राहतो. उंच माणसाचं डोकं लांब असतं, पोट लांब नसतं. ठोशांची गणना करणाऱ्या कॉम्प्युबॉक्सचे आकडे बघा: फ्युरीने ४९६ मारले, १५७ लागले. उसिकने ४०७ मारले, १७० लागले.

डिसेंबर २०२४ मध्ये दोघं पुन्हा लढले, नवे तीन जज, आणि तिघांनीही ११६-११२ ने उसिकलाच दिलं. मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही.

राहिला किताब. १९९९ मध्ये लेनक्स लुइसने मिळवल्यानंतर हेवीवेटमधलं हे पहिलं निर्विवाद जगज्जेतेपद होतं, आणि ते जूनमध्येच मोडलं, हे बरोबर आहे. पण कुणी हिसकावलं नाही. फ्युरीशी दुसरी लढत करारातच ठरलेली होती, आणि त्या चारपैकी एक संघटना असलेल्या आयबीएफला त्यांनी ठरवलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढत हवी होती, म्हणून उसिकने तो एक बेल्ट सोडला. तो ब्रिटनच्या डॅनियल दुबुआकडे गेला. १९ जुलै २०२५ ला उसिक लंडनला गेला, वेम्बलीत, दुबुआच्या शहरात, आणि पाचव्या राउंडमध्ये त्याला नॉकआउट करून तो बेल्ट परत घेऊन आला. तिथे जजना निकाल द्यावाच लागला नाही.