मनी प्लांट पिवळा पडला? आधी मुळं बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक तोडगा फिरतोय: मनी प्लांट पिवळा पडला की कुंडीत चमचाभर एप्सम सॉल्ट आणि मूठभर चहाचा चोथा घाला, रोज पाणी द्या, आठ दिवसांत पिवळी पानंसुद्धा हिरवी.

शेवटच्या दाव्यापासूनच सुरुवात करू. पूर्ण पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही. त्यातलं हरितद्रव्य मोडलेलं असतं, नत्र वेलीने काढून घेतलेलं असतं. बुडाचं एखादं जुनं पान अधूनमधून गळणारच. एका आठवड्यात चार-पाच पानं गेली आणि माती ओलीच असली, तर मात्र लक्ष द्या.

“रोज पाणी” हा सल्ला तर वेलीच्या मुळावरच उठणारा. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पानं मलूल होतात; ते पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. पावसाळ्यात घरातल्या कुंडीला दहा-दहा दिवस पाणी लागत नाही.

शंका असेल तर वेल मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट, टणक. कुजलेलं तपकिरी, गिळगिळीत. चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते, आत दोऱ्यासारखा तंतू उरतो, आणि वास गटाराचा. ते सगळं स्वच्छ कात्रीने कापा. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग माती, एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) असं मिश्रण करून, तळाला भोक असलेल्या आणि उरलेल्या मुळांपेक्षा दोन बोटंच मोठ्या कुंडीत लावा. महिनाभर खत नको. मुळं उरलीच नसतील तर पेराखाली, म्हणजे पान फुटतं त्या गाठीखाली, कापून फांदी पाण्यात ठेवा. नुसतं पान ठेवू नका, पेराशिवाय नवा फुटवा येत नाही.

एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आणि गंधक असतं, नत्र नाही. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तरच त्याचा विचार करा. तेही लिटरभर पाण्यात अर्धा छोटा चमचा. थेट मातीत चमचा ओतला तर क्षार साठून पानांची टोकं करपतात.

राहिला चोथा. दूध-साखरेचा असेल तर बुरशी आणि चिलटं हमखास, आणि त्या चिलटांच्या अळ्या कोवळी मुळंही कुरतडतात. धुऊन कंपोस्टच्या डब्यात टाका.