ती वही चहाचा ग्लास ठेवायला नव्हती

परवा सुनावणीहून घरी आले तेव्हापासून डोकं थाऱ्यावर नाही. दोन रात्री झोप नाही. दुकानात मशीनवर कागद लावताना तेच, भाकरी थापताना तेच. शेवटी पोरगी म्हणाली, मम्मी, लिहून टाक एकदाचं. म्हणून लिहितेय.

आमच्या तालुक्याच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा आलाय, पुढच्या 20 वर्षांचा. गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता, आणि त्या रस्त्यावर तीन किलोमीटर लांब नवं एस.टी. स्टँड. आत्ता स्टँड आहे तिथे व्यापारी संकुल. हरकत घ्यायला 30 दिवस. मी घेतली. माझ्या दुकानातून झेरॉक्स काढून गावातल्या आणि खेड्यांवरच्या कितीतरी लोकांनी घेतली. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

आणि सुनावणी ठेवली कधी? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी! अहो, खान्देशात राहता ना तुम्ही? आखाजीला घराघरात लेकी माहेरी आलेल्या असतात. झोके, गौराई, घागर भरणं, पुरणपोळी आणि आमरस. त्या दिवशी बाई घर सोडून कुठे येणार? हरकती घेणाऱ्यांत निम्म्याच्या वर बाया होत्या. सुनावणीला आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. साहेबांनी वर विचारलं, "बाकीचे आले नाहीत? म्हणजे त्यांची हरकत नाही असं समजायचं का?" हे वाक्य ऐकलं तेव्हाच माझा पारा चढला होता.

नोटिशीत वेळ सकाळी 11 ची. सगळ्यांना तीच वेळ. साठ-सत्तर माणसं एका व्हरांड्यात, बसायला दोन बाकडी. उन्हाळ्यातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. पिण्याच्या पाण्याचा माठ कोरडा. साहेब आले पावणेदोनला. माझ्या शेजारी जिन्यावर एक जिभाऊ बसले होते, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पहाटेच्या पहिल्या गाडीनं आलेले. अठरा मीटरचा रस्ता त्यांच्या विहिरीवरून जातोय. हातात सातबारा, त्याची घडी घालघालून चिंधी झालेली. मला म्हणाले, "सकायपाईन बठेल शे माय. आठे कोन ऐकस आपलं?" मी म्हटलं, ऐकतील, कायद्यानं ऐकावंच लागतं. आता लाज वाटते मला, मी त्यांना असं का सांगितलं म्हणून.

माझा नंबर लागला सव्वातीनला.

वहीबद्दल आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फेब्रुवारीत आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा मी नकाशा बघायला गेले होते. नकाशा व्हरांड्याच्या टोकाला, ट्यूब बंद, मोबाइलची बॅटरी लावून बघितला. त्यात स्टँडची जागा रंगवलेली, संकुलाची जागा रंगवलेली. स्टँडवर माणसं किती उतरतात आणि उतरून कुठे जातात, ते कुठेच नाही. कायद्यात आराखड्याआधी जमिनीचा चालू वापर मोजायचं कलम आहे. त्याप्रमाणे जमीन मोजली. पाय कोणी मोजले? मग आम्हीच मोजायचं ठरवलं. मी, समोर चहाची गाडी लावणारे बापू आणि कॉलेजातल्या दोन पोरी. सलग सात दिवस, पहाटे सहा ते दहा आणि दुपारी चार ते सात. दोनशे पानी वही. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. बाया वेगळ्या, शाळेची पोरं वेगळी, म्हातारी माणसं वेगळी. उतरणाऱ्याला विचारायचं, कुठे चालले? ग्रामीण रुग्णालय. कोर्ट. तहसील. मुलींची शाळा. बाजार. जवळजवळ सगळी ठिकाणं स्टँडपासून पायी पाच-दहा मिनिटांवर. बाजाराच्या दिवशी तर रेघा मारता मारता पोरींची बोटं दुखली. एक बाई आठव्या महिन्याची, खेड्यावरून तपासणीला आलेली, उतरल्यावर आमच्याच बाकड्यावर टेकली आणि मग चालत दवाखान्यात गेली. तिची रेघ मी स्वतः मारलीय. उद्या तिनं तीन किलोमीटरवर, उघड्या बाह्यवळणावर उतरून काय करायचं?

ती वही मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, "हा सर्व्हे कोणत्या एजन्सीनं केला?"

"आम्ही केला, साहेब."

"आम्ही म्हणजे?"

"मी, चहावाले बापू आणि पोरी."

टेबलाभोवती बसलेल्यांपैकी दोघं हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी वही उघडलीच नाही. तेवढ्यात चहा आला. शिपायानं ट्रे पुढे केला, साहेबांनी ग्लास घेतला, आजूबाजूला जागा बघितली आणि ग्लास वहीवर ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत. ग्लासाच्या बुडाला चहा लागलेला. पोरीनं स्केचपेननं वरती जे नाव लिहिलं होतं ते ओघळलं. मी उभी होते म्हणून मला वरून सगळं दिसत होतं. तो गोल डाग आहे अजून. झेरॉक्सवरसुद्धा उमटतो, मी काढून बघितलं.

आणि त्यानंतर ते म्हणाले, "ताई, तुमचं स्टँडसमोर दुकान आहे ना? स्टँड हललं की दुकान बसतं, म्हणून ही ओरड. स्पष्ट बोला की."

त्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आज बोलते.

हो, माझं दुकान आहे. बावीस वर्षं आहे. नवरा गेल्यावर उधारीवर जुनं मशीन घेऊन टाकलं. बावीस वर्षं सकाळी साडेसातला शटर वर करते, म्हणून मला माहीत आहे कोणत्या गावची गाडी कधी येते, कोणती गाडी वारंवार रद्द होते, दाखल्यासाठी आलेली बाई परतीच्या शेवटच्या गाडीसाठी किती घायकुतीला येते. जो माणूस रोज तिथे उभा आहे त्याला कळणार, की ज्यानं शहरात बसून संगणकावर रेघ ओढली त्याला? दुकान मी हलवीन. नव्या स्टँडजवळ टपरी टाकीन, त्यात काय. पण त्या बायकांना रोज रिक्षाला पैसे कोण देणार? 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी 2022 मध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. चांगलं केलं. बाया बाहेर पडायला लागल्या, आजी-आजोबा एकटे दवाखान्यात यायला लागले. आता तिकिटात वाचलेले पंधरा-वीस रुपये तीन किलोमीटरच्या रिक्षात घालवायचे? एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं काढून घेतलं. मी हेच बोलायला गेले होते. दोन मिनिटांत हात वर करून म्हणाले, "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं."

नोंदवून घेतलं! या शब्दाचा मला इतका संताप येतो. कुठे नोंदवलं? कोण लिहीत होतं? लिहिणारे भाऊसाहेब त्या वेळी मोबाइलवर बोलत होते, मी बघितलं. मी म्हटलं, नोंदवलेलं मला वाचून दाखवा. तर म्हणे, पुढच्याला येऊ द्या मॅडम. पुढचे जिभाऊ होते. ते आत गेले आणि मिनिटभरात बाहेर आले. माझ्याकडे न बघता जिना उतरले.

हे काय पहिल्यांदा झालंय का? फाट्यावर शाळेच्या पोरांसाठी गतिरोधक मागितला, ग्रामपंचायतीचा ठराव दिला, लोकशाही दिनाला टोकन घेऊन तीन वेळा गेले. दर वेळी दुसरं टेबल. ऑनलाइन तक्रार टाकली तर चौथ्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली काढण्यात आली. रस्त्यावर काही नाही आणि तक्रार निकाली! नाल्याच्या फरशी पुलावरून दर पावसाळ्यात पाणी जातं, चार खेड्यांची गाडी बंद होते, पोरांची शाळा बुडते. नव्या आराखड्यात बाह्यवळण तोच नाला ओलांडतं आणि फरशीचा साधा उल्लेख नाही. हेही माझ्या हरकतीत होतं, कलम नंबर टाकून होतं. विचारलं कोणी?

आणि आराखड्याचा अहवाल इंग्रजीत. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. साठ वर्षं होऊन गेली. माझ्या दुकानात लोक तो अहवाल घेऊन येतात, ताई वाचून सांगा म्हणतात. मी बारावी झालेली बाई. पोरीला बसवून, ओळीओळीला अडखळत वाचून सांगते. ज्याची विहीर जातेय त्याला ती कोणत्या पानावर जातेय हे कळायला माझ्या पोरीची सुट्टी लागते.

महामार्गाचं तर विचारूच नका. महामार्गाला जमीन घ्यायची तर 1956 च्या कायद्यात हरकतीला 21 दिवस. जाहिरात पेपरात येते, ती पण नाव बदलल्याच्या आणि सातबारा हरवल्याच्या जाहिरातींच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. गावात पेपर येतो एक, तोही सलूनमध्ये. 21 दिवस कधी संपले कळतही नाही. जळगावकरांनी समांतर रस्त्यांसाठी किती वर्षं आंदोलनं केली? शहराच्या मधून महामार्ग जातो, माणसं मरतात, हे सांगायला लोकांना रस्त्यावर यावं लागलं. मनमाड-इंदूर रेल्वे धुळ्यावरून जाणार हे माझे वडील सांगायचे. सप्टेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, 309 किलोमीटर. वडील गेले. आमची पाचोरा-जामनेरची 56 किलोमीटरची छोटी गाडी करोनात थांबली, मग तो छोटा रूळ गेलाच. रुंद रूळ होईल तेव्हा होईल. मधल्या वर्षांत त्या खेड्यांतल्या पोरांनी कॉलेजला कसं जायचं, हे कोणत्या बैठकीत कोणाला विचारलं?

2006 सालच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात लिहिलेलं आहे की नियोजन माणसं ने-आण करण्याचं करा, गाड्यांचं नव्हे. सरकारचंच वाक्य आहे. मी हरकतीत ते जसंच्या तसं टाकलं होतं. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्याच्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असले पाहिजेत, आणि त्यात एक तृतीयांश बाया. म्हणजे आमचे बापू चहाची गाडी कुठे लावायची हे ठरवणाऱ्या समितीत बसू शकतात. बरोबरच आहे. मग ज्या स्टँडवर रोज हजारो पाय उतरतात, ते हलवायचं ठरवताना टेबलाच्या त्या बाजूला एक तरी एस.टी.नं येणारी बाई का नको? परवा त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकही जण एस.टी.नं आलेला नव्हता. बाहेर पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या, मी त्यांच्याच सावलीत चपला काढून उभी होते.

आणि सुनावणी चालू होती त्याच वेळेला स्टँडवर काय होतं? आखाजीच्या परतीची गर्दी. लेकी सासरी निघालेल्या, कडेवर पोरं, पिशवीत सांजोऱ्या, आंब्याच्या पेट्या, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे भाऊ. कार्यालयापासून स्टँड पायी सात मिनिटं. साहेब, नुसतं येऊन उभे राहिला असतात ना दहा मिनिटं, तर वही उघडायचीही गरज पडली नसती.

आता काय करणार आहे ते सांगते. सुनावणीचं इतिवृत्त आणि माझ्या हरकतीवरचा लेखी अभिप्राय मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय. उत्तर द्यायला त्यांना 30 दिवस आहेत. ज्यांनी ज्यांनी हरकत घेतली होती त्यांनी आपलं नाव आणि हरकतीचा क्रमांक घेऊन या, प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज जाऊ द्या. आखाजीमुळे येता आलं नाही त्या बायांनी तर आधी या. पुन्हा सुनावणी मागायचा वेगळा अर्ज केलाय, त्यावर सह्या लागतील. वहीची सगळी पानं मी स्कॅन केलीत, डागासकट. त्या जिभाऊंना कोणी ओळखत असेल तर निरोप द्या. पांढरा सदरा, धोतर, डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. त्यांचा सातबारा गडबडीत जिन्यावर पडला होता, तो माझ्याकडे आहे. नवा उतारा काढून ठेवलाय.

दुकान साडेसातला उघडतं. या कामाच्या झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.