लंकम ‘एकसुरी’ का वाटतो?

नमस्कार,

डब्लिनच्या लंकम या लोकसंगीत बँडवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की हे नुसतं एकसुरी रडगाणं आहे, आयरिश लोकसंगीताचा त्यात मागमूस नाही, त्यातला घुमारा स्टुडिओत घडवलेला आहे, आणि लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड लेबलने उचलून धरलं म्हणून हा बँड वर आला. हे संगीत मला फार जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

आधी लेबलचं. इयन आणि डॅरा हे लिंच बंधू डब्लिनमध्ये सुरुवातीला दोघंच गायचे. गायिका रेडी पीट आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा कॉर्मॅक मॅकडियरमाडा नंतर येऊन मिळाले. चौघांचा पहिला अल्बम २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच काढला. २०१५ मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या संगीत कार्यक्रमात ते गायले. रफ ट्रेडवरचा त्यांचा पहिला अल्बम त्यानंतरचा, २०१७ चा. मधल्या काळात, २०१६ मध्ये, त्यांनी आडनावावरून पडलेलं ‘लिंच्ड’ हे नाव सोडून दिलं, कारण इंग्रजीत ‘लिंच’ म्हणजे झुंडीने ठार मारणं, आणि अशा बळींची आठवण त्या नावाला चिकटलेली होती. लोकांच्या तोंडी बसू लागलेलं नाव कुठला मार्केटिंगवाला टाकू देईल? नवं नाव त्यांनी घेतलं ते जॉन रायली या आयर्लंडच्या भटक्या समाजातल्या गायकाच्या एका जुन्या कथागीतातून.

आता ‘एकसुरी’. इयन वाजवतो ते इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, जवळून बघा. एका कोपराने भाता दाबायचा, दुसऱ्या काखेत हवेची पिशवी, बोटं चालीवर, आणि खाली तीन नळ्या तोच एक सूर धरून बसलेल्या. लंकमने तो सूर ताणला, मोठा केला, अंगावर येईल इतका वाढवला, पण बाहेरून आणला नाही. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानांना तो परका वाटू नये.

२०१९ च्या अल्बममधलं पहिलंच गाणं घ्या, ‘द वाइल्ड रोव्हर’. पबमध्ये टाळ्या ठोकत म्हणतात तेच. मुळात ते दारूपायी पैसा उधळून बसलेल्या माणसाचं गाणं आहे. रेडी ते संथ गाते आणि दहा मिनिटांहून जास्त वेळ आपल्याला त्या माणसाजवळ बसवून ठेवते. मला तरी त्यातलं दुःख तिथेच पहिल्यांदा कळलं.

तुमचा एक मुद्दा मात्र खरा. हा घुमारा स्टुडिओतही घडतो, आणि निर्माता जॉन ‘स्पड’ मर्फी याचा मी साधा उल्लेखही केला नव्हता. २०१९ चा तो अल्बम आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या मर्क्युरी या संगीत पुरस्काराच्या यादीत पोचलेला ‘फॉल्स लंकम’, दोन्हींत त्याचा मोठा हात आहे. लेखात तशी भर आजच घातली.