मेशवर वायफायची दोन नावं? त्या व्हायरल संदेशातल्या एकेका मुद्द्याबद्दल

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: घरी मेश (घरभर दोन-तीन खोकी ठेवून एकच वायफाय पसरवणारी यंत्रणा) बसवलं असेल तर 2.4 आणि 5 गीगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडना, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांना, ताबडतोब वेगळी नावं द्या. एकच नाव ठेवलं तर राऊटर फोनला मुद्दाम हळू बँडवर (2.4 वर) ढकलतो. नावं वेगळी केली की वेग दुप्पट होतो. स्मार्ट बल्ब आणि कॅमेरे एका नावावर चालतच नाहीत. आणि जमल्यास 2.4 बंदच करा. खाली ‘तज्ज्ञांचा सल्ला’ (कोणाचा, ते नाही) आणि हात जोडलेले इमोजी. लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत लोकांनी हे करूनही टाकलंय, म्हणून लिहितोय.

राऊटर ढकलतो म्हणे. कुठल्या नोडला (मेशच्या खोक्याला) आणि कुठल्या बँडला धरायचं, हे शेवटी फोन ठरवतो. मेश फार तर सुचवतं, कधी 2.4 वर उत्तर द्यायला जरा उशीर करतं, म्हणजे फोन 5 कडे वळावा. ॲपलने आयफोनचा हिशेब जाहीरच केलाय: सिग्नल उणे 70 डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेला की फोन त्याच नावाचा दुसरा नोड शोधू लागतो, आणि डेटा चालू असेल तर नवा सिग्नल निदान 8 डेसिबलने चांगला असेल तरच उडी मारतो. नाव निराळं असलं, तर तो नोड या शोधात धरलाच जात नाही. सगळ्या बँडना एकच नाव ठेवा, अशी ॲपलची शिफारसही आहे. जुने, एकटेदुकटे राऊटर बँडची निवड गचाळ करायचे आणि फोन 2.4 वर अडकून बसायचे, हे खरं. संदेशाचा उगम बहुधा तिथलाच. पण तो मेशला लावायचं कारण नाही.

खरी गोम पुढे आहे. आपल्याकडची घरं डोळ्यांसमोर आणा: अरुंद प्लॉट, एकावर एक तीन मजले, मध्ये स्लॅब, मागच्या भिंतीला जिना. लोकमान्य नगरात ओळखीच्या एका काकूंकडे खाली हॉलमध्ये एक नोड आणि वरच्या खोलीत दुसरा. भाच्याने संदेश वाचून नावं वेगळी करून दिली. तेव्हापासून पुण्याच्या लेकीशी व्हिडिओ कॉल करत काकू वर निघाल्या, की जिन्याच्या वळणावर चित्र गोठायचं. फोन 5 वाल्या नावाला जीव जाईपर्यंत धरून ठेवायचा, मग तुटायचा, आणि 2.4 वाल्या नावाला नवख्यासारखा जोडला जायचा.

‘नवख्यासारखा’ हे शब्दशः घ्या. अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, आणि आयओएस 14 पासून, म्हणजे 2020 पासून, फोन वायफायच्या प्रत्येक नावासमोर स्वतःचा वेगळा मॅक पत्ता (राऊटर उपकरण ओळखतो तो क्रमांक) दाखवतो. गोपनीयतेसाठी केलेली ही चांगली सोय आहे. पण तुमच्याच घरात दोन नावं असली, की राऊटरला एकच फोन दोन पाहुणे वाटतो आणि तो त्यांना दोन वेगळे आयपी (नेटवर्कमधले पत्ते) देतो. आयपी बदलला की चालू कॉल अडखळणारच. काकूंच्या मेशचं ॲप उघडून पाहिलं, तर यादीत त्यांचा फोन दोनदा होता. नातवाच्या मोबाइलला रात्री दहानंतर नेट बंद राहील अशी मर्यादा लावलेली, तीही एकाच मॅक पत्त्यावर. तो दहानंतर दुसऱ्या नावावर जायचा. ही युक्ती त्याला कोणी शिकवावी लागली नव्हती. नाव पुन्हा एक केलं आणि दोन्ही भानगडी मिटल्या. नातू तेवढा नाराज आहे.

वेग दुप्पट होतो हे लोकांना पटतं, कारण नाव बदलल्याबरोबर ते राऊटरशेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करतात. तिथे 5 वेगवान दिसणारच. दोन अँटेनांचा साधा वायफाय 5 (म्हणजे वायफायची पाचवी पिढी) फोन 5 गीगाहर्ट्झवर 80 मेगाहर्ट्झच्या रुंदीत 866 एमबीपीएसपर्यंत जोडला जातो, तर 2.4 वर वायफाय 4 ने 20 मेगाहर्ट्झमध्ये 144 पर्यंत. हा फरक बँडचा आहे, नावाचा नाही. मेशमध्ये वेग मरतो तो दोन नोडांमधल्या दुव्यावर. दोनच बँडच्या मेशमध्ये तोच 5 गीगाहर्ट्झचा रेडिओ तुमच्या फोनशीही बोलतो आणि खालच्या नोडशीही, त्यामुळे एका टप्प्यात वेग साधारण निम्म्यावर येतो. वरच्या मजल्यावर लॅनची केबल ओढा, नाहीतर वरचा नोड जिन्याच्या तोंडाशी आणा. नावं बदलून यात काडीचा फरक पडत नाही. वायफाय 7 घेतलं असेल तर आणखी नुकसान: त्यातली एकाच वेळी दोन बँड वापरायची सोय एका नावाखालीच चालते.

बल्ब आणि कॅमेरे एका नावावर मजेत चालतात. स्वस्त स्मार्ट वस्तूंमधल्या चिपला बहुतेक वेळा फक्त 2.4 दिसतं, 5 तिच्या लेखी अस्तित्वातच नसतं. अडतं ते पहिल्यांदा जोडताना. काही जुन्या ॲपांमध्ये फोन पासवर्ड सांकेतिक रूपात हवेत सोडतो आणि बल्ब तो कान देऊन ऐकतो. फोन त्या वेळी 5 वर असला तर बल्बला काहीच ऐकू येत नाही. तेवढ्यापुरतं 5 थांबवा, बल्ब जोडा, 5 परत चालू करा. ईरो या कंपनीच्या मेशमध्ये 5 तात्पुरतं थांबवायची सोय दिलेलीच आहे. बँडना कायमची वेगळी नावं द्यायचा पर्याय मात्र ना ईरोत आहे, ना गूगल वायफायमध्ये.

राहिलं 2.4 बंद करणं. करा, मग बल्ब, प्लग, जुना प्रिंटर सगळं मुकं होईल आणि भिंतीपलीकडच्या खोलीत फोनही कुरकुरेल. रामबागेसारख्या दाट वस्तीत 2.4 वर गर्दी असते, हे मान्य. एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडमधल्या मार्गिका) तीनच: 1, 6 आणि 11. म्हणून 2.4 ची रुंदी 20 मेगाहर्ट्झवर ठेवा, 40 वर नको, आणि या तिघांतला जो मोकळा असेल तो घ्या.