समुद्रतळावरचे धातूचे गोळे म्हणजे बटाट्याचं पीक नव्हे

गेले काही दिवस एक संदेश या गटातून त्या गटात फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: "हिंदी महासागराच्या तळाशी भारताच्या वाट्याला ३८ कोटी टन निकेल-कोबाल्ट आलं आहे. हे गोळे तिथे बटाट्यासारखे सतत तयार होतात. नुसते वेचायचे. खाली निव्वळ चिखल आहे, त्याला काय होणार?" हे गोळे मला फार मोलाचे वाटतात, आणि म्हणूनच हा मजकूर तसाच पुढे जाऊ द्यावासा वाटत नाही.

आकड्यापासून सुरुवात करू. ३८ कोटी टन हा गोळ्यांच्या एकूण वजनाचा अंदाज आहे. त्यात निकेल सुमारे ४७ लाख टन, तांबं ४३ लाख टन आणि कोबाल्ट साडेपाच लाख टन. मँगनीज मात्र सव्वानऊ कोटी टन. शिवाय मध्य हिंदी महासागर खोऱ्यातल्या त्या ७५,००० चौरस किलोमीटरवर आपल्याकडे शोधाचा करार आहे, मालकी नाही.

"सतत तयार होतात" हे शब्द सर्वांत जास्त दिशाभूल करतात. शार्कचा दात, खडकाचा कपचा असं काहीतरी मध्ये असतं आणि त्याभोवती धातूंच्या ऑक्साइडचे थर चढत जातात. हा वेग साधारणपणे दर १० लाख वर्षांत काही मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर धरले तर ३ सेंटीमीटर त्रिज्येच्या गोळ्याला १ कोटी वर्षं लागतात. माणूस नावाचा प्राणी अवतरण्याच्या कितीतरी आधी त्या गोळ्याची सुरुवात झालेली असते.

आता "निव्वळ चिखल". माझा खरा आक्षेप इथे आहे, कारण गोळ्याला धातू पुरवण्यात या चिखलाचाच मोठा वाटा असतो. वरच्या पाण्यातले प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, मरून खाली पडतात आणि येताना निकेल, तांबं घेऊन येतात. गाळातले जिवाणू हे सेंद्रिय द्रव्य कुजवतात तेव्हा ते धातू कणांमधल्या पाण्यात सुटतात. कुजवण्यासाठी आधी ऑक्सिजन वापरला जातो, मग नायट्रेट. तेही संपलं की पाळी येते मँगनीज ऑक्साइडची. घन मँगनीज विरघळतं, हळूहळू वर सरकतं आणि ऑक्सिजनची हद्द लागताच पुन्हा घन होतं. ज्या गोळ्यांना गाळातून असा पुरवठा होतो त्यांत मँगनीज, निकेल, तांबं जास्त सापडतं. थेट समुद्राच्या पाण्यातून वाढलेल्या गोळ्यांत लोह आणि कोबाल्ट वरचढ असतं. आपल्या खोऱ्यातही हा फरक दिसतो: उत्तरेकडे सिलिकायुक्त गाळ आणि पहिल्या प्रकारचे गोळे, दक्षिणेकडे लाल माती आणि दुसऱ्या प्रकारचे.

"नुसते वेचायचे" म्हणणाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाजवळच्या समुद्राकडे पाहावं. गोळे अर्धेमुर्धे गाळात रुतलेले असतात, त्यामुळे यंत्र वरचा थरही खरवडतं. पेरू खोऱ्यात ऑक्सिजन गाळात जेमतेम १० सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे मँगनीजची ही सगळी ये-जा वरच्या वीतभर थरातच चालते. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी तिथे ४,००० मीटरहून खोल तळावर प्रयोगासाठी मुद्दाम नांगर फिरवला. आपल्या खोऱ्यातही १९९७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गाळ ढवळून परिणाम पाहण्याचा प्रयोग केला होता. हा प्रश्न आपल्या शास्त्रज्ञांनी कधीच हलक्यात घेतलेला नाही.

पेरूच्या त्या जागी २०१५ मध्ये संशोधक परत गेले. नांगराचे चर जसेच्या तसे दिसत होते आणि खरवडलेल्या भागात जिवाणूंचं काम अजूनही मंदावलेलं होतं. त्या २६ वर्षांत वरून पडलेल्या नव्या गाळाची जाडी एक मिलिमीटरही भरली नव्हती.