खिडक्या उघड्या ठेवल्याने घर वाचत नाही, छप्पर जातं

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यातले सल्ले असे: सगळी दारं-खिडक्या उघडी ठेवा, नाहीतर आतल्या दाबाने घर फुटेल, मोबाइल बंद करा, तो वीज ओढतो, वारा पडला की वादळ गेलं समजा, लाइट गेली असेल तर तुटलेल्या तारेला भिऊ नका. चारही चूक आहेत. शेवटचे दोन तर जीव घेणारे आहेत.

आधी खिडक्यांचं. कोंडलेल्या हवेने घर फुटतं, ही समजूत अमेरिकेतल्या टोर्नेडोसाठी दिल्या जाणाऱ्या जुन्या सल्ल्यातली. तिथेही ती केव्हाच मोडीत निघाली. चक्रीवादळात दाब काही तासांत उतरत जातो आणि कौलांच्या, दारांच्या फटींतून हवा ये-जा करतच असते. आपली घरं हवाबंद नसतात.

घर मोडतो तो वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी १२० चा झोत धरला तर चौरस मीटरला ६५-७० किलो भरतात. म्हणजे दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्यावर जवळजवळ १९० किलोंचा जोर. पत्र्याचं स्वतःचं वजन दहा-पंधरा किलो, त्याला धरून ठेवणारे चार-सहा हुक बोल्ट. छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढत असतोच. त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी असली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. आधी कडेचा पत्रा थडथडायला लागतो, बोल्टाभोवतीचं भोक लांबट होतं, वॉशर त्यातून निसटतो आणि मग शेजारचे पत्रेही उचलले जातात.

यावर लोक म्हणतात, निसर्गमध्ये आम्ही खिडक्या लावल्या होत्या, तरी कौलं गेलीच. गेली, खरं आहे. कौलं नुसती रचलेली असतात, बाहेरचा वाराच त्यांना पुरतो. पण म्हणून वाऱ्याला आतून वाट करून द्यायची नसते. दारं-खिडक्या लावा, कड्या घाला, काचांपासून लांब आतल्या खोलीत बसा. घर कच्चं असेल तर वादळ यायच्या आधीच गावातल्या पक्क्या इमारतीत जा. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसतात, त्यांची समजूत आदल्या दिवशीच काढायला घ्या.

आणि वाऱ्याला नाव पडायची वाट बघू नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा चक्रीवादळ नव्हतं. वळवाच्या पावसाआधीची वावटळ होती.

मोबाइल वीज ओढत नाही. वीज उंच आणि मोकळ्यावर एकट्या असलेल्या गोष्टीवर पडते, माणसाच्या खिशात काय आहे याने फरक पडत नाही. चार्जरला लावलेला फोन मात्र कडकडाटात हातात धरू नका. फोन आधीच पूर्ण चार्ज करा आणि चालू ठेवा. हवामान खात्याचे इशारे आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या दामिनी अॅपवरची विजेची सूचना त्यावरच येते.

वारा पडला तर? चक्रीवादळाचा मध्य, म्हणजे डोळा, डोक्यावर आला की वारा एकदम मंदावतो, कधी उजाडल्यासारखं होतं. लोक पत्रे आवरायला, पडलेले नारळ गोळा करायला बाहेर पडतात. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोरात येतो आणि आधी एका अंगाला कललेला माड दुसरीकडे आडवा होतो. वादळ गेलं हे प्रशासनाने सांगितल्याशिवाय अंगणातही उतरू नका.

तारेचं तर नीट ऐका. लाइट गेली म्हणजे तार मेली असं नाही. शेजारच्या घरातला जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर त्याचा करंट उलटा लाइनवर येतो, आणि लाइन पुन्हा कधी चालू होईल ते तुम्हाला कळत नाही. पाण्यात पडलेली तार दिसतही नाही. काठीने बाजूला करायला जाऊ नका, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा, महावितरणला १९१२ वर कळवा, आणि वायरमन येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करा.